पातळ त्वचेच्या रुग्णांतील नासासौंदर्य शस्त्रकर्म : फलसुधारणा आणि वैद्याचे कर्तव्य

नाकाचा आकार सुधारण्याच्या शस्त्रकर्माविषयी विचारावयास येणारा रुग्ण नाकाच्या कण्यावरील उंचवट्याविषयी बोलतो, शेंड्याच्या रुंदीविषयी बोलतो, नाक वाकडे असल्याचे सांगतो. म्हणजे तो अस्थी आणि तरुणास्थी यांच्याविषयी बोलत असतो. त्वचेविषयी तो सहसा काहीच विचारीत नाही. वस्तुतः शस्त्रवैद्य बदल करतो तो आतील सांगाड्यात, आणि लोकांना दिसते ती त्या सांगाड्यावर बसलेली त्वचा. त्वचा जाड असेल तर आतील बारकावे झाकले जातात, चांगलेही आणि वाईटही. त्वचा पातळ असेल तर मलमलीच्या वस्त्राखाली ठेवलेली सुई जशी वरून ओळखू येते तशी आतील प्रत्येक कड, प्रत्येक टोक आणि प्रत्येक विषमता कालांतराने वर दिसू लागते.

आपल्या संघटनेचे बहुसंख्य सभासद हे शस्त्रकर्म स्वतः करीत नाहीत. तरीही हा रुग्ण आपल्याकडे किमान दोनदा येतो. एकदा शस्त्रकर्मापूर्वी, 'करू की नको' हे विचारावयास. आणि पुन्हा नंतर, सूज, लाली किंवा उंचसखलपणाची तक्रार घेऊन. या दोन्ही वेळी आपण काय सांगतो आणि औषधविक्रेते त्याच्या हाती कोणती नळी वा कोणते चूर्ण देतात, यावर फलाचा बराचसा भाग अवलंबून असतो, असे आमचे मत आहे. म्हणून प्रस्तुत लेखात शस्त्रकर्मातील तत्त्वे समजावून घेऊन पूर्वकर्म व पश्चात्कर्म यांवर विशेष भर दिला आहे.

त्वचेचे मान आणि तिची ओळख

शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सुश्रुताचार्यांनी सात त्वचा वर्णिल्या आहेत. पहिल्या पाचांचे मान व्रीहीच्या अंशांनी, सहावी रोहिणी एक व्रीही आणि सातवी मांसधरा दोन व्रीही, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. परंतु त्याच ठिकाणी आचार्यांनी घातलेली मर्यादा पुष्कळदा वाचून पुढे सोडली जाते. हे मान मांसल प्रदेशांचे आहे, ललाट, सूक्ष्म अंगुली इत्यादी स्थानांचे नव्हे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. स्थानपरत्वे त्वचेची जाडी बदलते आणि शस्त्र किती खोल न्यावयाचे ते त्यावरून ठरते, हा त्या विधानाचा व्यावहारिक अर्थ होय. प्रस्तुत विषयाचा पायाही हाच आहे.

एकाच नाकावर ही जाडी सर्वत्र सारखी नसते. भुवयांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी ती अधिक, साधारण सव्वा मिलिमीटर असते. अस्थी संपून तरुणास्थी सुरू होते त्या सांध्यावर ती सर्वांत पातळ, सरासरीने अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक एवढीच असते. शेंड्याकडे ती पुन्हा जाड व तैलग्रंथियुक्त होते. नाकपुड्यांच्या कडा आणि दोन नाकपुड्यांमधील स्तंभ येथे ती परत पातळ असते. दुर्दैवाने ज्या उंचवट्यासाठी बहुतेक रुग्ण येतात तो नेमका त्या सर्वांत पातळ सांध्यावरच असतो.

त्वचेखाली मेदाचा पातळ थर, मग स्नायुतंतूंचा थर, पुन्हा मेद, आणि शेवटी तरुणास्थीवरील व अस्थीवरील आवरण असा क्रम आहे. मोठ्या रक्तवाहिन्या स्नायुतंतूंच्या थरात व त्याच्या वर असतात. हा क्रम ध्यानात ठेवल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

पातळ त्वचेची परीक्षा चिकित्सालयात सहज करता येते. सांध्यावरील त्वचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत उचलून पाहावी आणि शेंड्यावरील त्वचेशी तिची तुलना करावी. उजेडात पाहता सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसतात का, रोमरंध्रे अगदी बारीक आहेत का, शेंड्यावर दोन तरुणास्थींमधील खाच बाहेरून ओळखू येते का, हे पाहावे. रुग्ण हसला असता तरुणास्थीची कड स्पष्ट उमटत असेल तर त्वचा पातळ आहे असे समजण्यास हरकत नाही. सूक्ष्म मापन हवे असल्यास सोनोग्राफीने ते होऊ शकते, परंतु बहुधा डोळा आणि बोट पुरेसे असते.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. त्वक्सार पुरुषाच्या लक्षणांत त्वचा स्निग्ध, श्लक्ष्ण, मृदू, प्रभायुक्त आणि सूक्ष्म, विरळ रोमांनी युक्त असे वर्णन आहे. हे त्वचेच्या गुणवत्तेचे वर्णन आहे, जाडीचे नव्हे. त्वक्सार रुग्णाची त्वचा पातळ असू शकते आणि जाडही असू शकते. त्याचप्रमाणे 'वातप्रकृती म्हणून त्वचा पातळ' असा निष्कर्ष प्रकृतिपत्रकावरून काढून शस्त्रवैद्याला कळविणे योग्य नव्हे. प्रकृतिपरीक्षेचे प्रयोजन निराळे. नाकाची त्वचा नाकावरच तपासावी.

सुश्रुतोक्त नासासंधान आणि आजचे सौंदर्यकर्म

सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायातील नासासंधानाचा आपणास सार्थ अभिमान आहे. नाकाच्या मापाचे पान घेऊन त्या मानाने गालावरील त्वचामांस एका बाजूने जोडलेले ठेवून उचलणे, नासाग्र खरवडून त्यावर ते बसविणे, दोन नलिका घालून नाक उंच ठेवणे, पतंग, यष्टिमधु व रसांजन यांचे चूर्ण भुरभुरणे, वर पांढरा कापूस ठेवून तिळतेलाचे सिंचन करणे, हा सर्व विधी तेथे आहे. पुण्याजवळ झालेले शस्त्रकर्मही सर्वश्रुत आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नामक गाडीवानाचे नाक वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने पुन्हा तयार केले आणि त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून लंडनचे शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हे कर्म करून १८१६ मध्ये आपला ग्रंथ काढला. मात्र पुण्याच्या त्या कर्मात त्वचा कपाळावरून घेतली होती, गालावरून नव्हे. संहितेतील विधी आणि हा विधी एकच असे सरसकट म्हटले जाते ते बरोबर नाही.

अधिक महत्त्वाचा फरक उद्देशाचा आहे. त्या कर्मांत नाकच गेलेले होते आणि त्वचा बाहेरून आणावयाची होती. आजच्या सौंदर्यकर्मात नाक अखंड असते, त्वचा जागेवर असते, आणि प्रश्न त्या त्वचेखालील आकाराचा असतो. तरीही संहितेतील तीन गोष्टी आजही लागू पडतात. पहिली, कापण्यापूर्वी मोजणे. दुसरी, नलिका घालून श्वासमार्ग राखणे, म्हणजे रूपासाठी कार्याचा बळी न देणे. तिसरी, संधान भरून आल्यावरच न्यूनाधिक दुरुस्त करणे. नाक कमी पडल्यास ते वाढविण्याचा यत्न आणि मांस अधिक झाल्यास ते सम करणे हे आचार्यांनी व्रण रुजल्यानंतरचे कर्म म्हणून सांगितले आहे. पातळ त्वचेच्या रुग्णात या तिसऱ्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

पातळ त्वचेत नेमके काय बिघडते

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. पातळ त्वचेवर शस्त्रकर्मोत्तर सूज लवकर उतरते, नाकाची रेषा लवकर स्पष्ट होते, आणि नाजूक बदलही दिसून येतात. जाड त्वचेच्या रुग्णाला ज्यासाठी वर्षभर थांबावे लागते ते येथे काही महिन्यांत दिसते. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत रुग्ण आणि शस्त्रवैद्य दोघेही समाधानी असतात.

अडचण नंतर येते. सूज पूर्ण ओसरल्यावर त्वचा आतील सांगाड्यावर घट्ट आवळली जाते आणि हे आवळणे वर्षानुवर्षे चालू राहते. उंचवटा तासताना राहिलेला अस्थीचा कंगोरा, बसविलेल्या तरुणास्थीच्या तुकड्याची कड, टाक्याची गाठ हे सर्व एकेक करून वर उमटते. शेंड्यावर गुडघ्यासारखी गोल टोके दिसू लागतात. पातळ त्वचा, ताठ तरुणास्थी आणि मुळातच दुभंगलेला शेंडा ही तीन एकत्र असतील तेथे हा उपद्रव विशेष करून होतो. नाकपुड्यांच्या कडा वर ओढल्या जातात किंवा शेंडा चिमटल्यासारखा होतो. मध्यभागी तरुणास्थी आत खचली तर अस्थीची खालची कड उलट्या 'व्ही' आकारात दिसते आणि त्याच वेळी श्वासही कोंडतो. याखेरीज नाकावरील कायमची लाली व दिसू लागलेल्या रक्तवाहिन्या हा स्वतंत्र त्रास आहे.

म्हणूनच 'सहा महिने झाले, नाक छान आहे' या वाक्यावर पातळ त्वचेच्या रुग्णात विसंबू नये.

शस्त्रकर्मातील उपाय

शस्त्रवैद्याने काय करावे हे सांगणे हा आमचा हेतू नाही. परंतु रुग्णाला योग्य ठिकाणी पाठविण्यासाठी आणि त्याने कोणते प्रश्न विचारावेत हे सुचविण्यासाठी वैद्याला ही तत्त्वे माहीत असावीत.

पहिले तत्त्व कमी काढण्याचे. पातळ त्वचेखाली जेवढे अधिक काढले जाते तेवढी त्वचा सैल होऊन नंतर अधिक आवळते आणि दोष उघडे पडतात. उंचवटा थोडाथोडा तासून, शेवटी अत्यंत बारीक कानशीने गुळगुळीत करून, अस्थीचा भुगा धुऊन काढणे आवश्यक असते. राहिलेला भुगा हीसुद्धा पुढे दिसणारी गाठ होऊ शकते. सांध्यावरील त्वचा सर्वांत पातळ असल्याने आतील सांगाडा अगदी सरळ केला तर बाहेरून तेथे खळगा दिसतो. म्हणून अनुभवी शस्त्रवैद्य त्या जागी सांगाड्यात किंचित उंची ठेवून देतात. रुग्णाला आरशात सरळ रेषा हवी असते, आणि ती मिळावी म्हणून आत सरळ रेषा ठेवायची नसते, ही गोष्ट त्याला आधी समजावून सांगितलेली बरी.

अलीकडे नाकाचा कणा वरून तासण्याऐवजी खालचा आधार कमी करून अखंड कणाच खाली बसविण्याच्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष गेले आहे. कल्पना शंभर वर्षांहून जुनी. २०१८ नंतर ती 'प्रिझर्व्हेशन ऱ्हायनोप्लास्टी' या नावाने जगभर पसरली. कण्याचा पृष्ठभाग अखंड राहत असल्याने पातळ त्वचेखाली कंगोरे दिसण्याची भीती कमी होते, हा तिचा लाभ. प्रत्येक नाक तिच्या योग्य नसते. वाकडे नाक, मोठा उंचवटा किंवा पूर्वी शस्त्रकर्म झालेले नाक असल्यास निवड काळजीपूर्वक करावी लागते.

दुसरे तत्त्व पातळीचे. त्वचा उचलताना शस्त्र शक्य तितके खोल, तरुणास्थीला लागून, किंबहुना तिच्यावरील आवरणाखालून नेले तर ते आवरण, मेद व स्नायुतंतूंचा थर हे सर्व त्वचेसोबत राहतात. आधीच पातळ असलेले आच्छादन त्यामुळे आणखी पातळ होत नाही. रक्तवाहिन्या वरच्या थरांत असल्याने रक्तस्राव व सूजही कमी होते आणि त्वचेचे पोषण टिकते. शेंड्यावरील मेद कापून काढणे हा जाड त्वचेतील उपाय आहे. पातळ त्वचेत तो अपाय ठरतो.

तिसरे तत्त्व शेंड्याविषयी. कापण्याऐवजी टाक्यांनी आकार द्यावा. तरुणास्थीची पट्टी फार अरुंद केली की पुढे ती वाकते आणि चिमटलेला शेंडा तयार होतो. साधारण सहा ते आठ मिलिमीटर रुंदी राखली जावी असा सामान्य दंडक आहे. टाक्यांच्या गाठी आतील बाजूस ठेवाव्या लागतात. उंचवटा काढल्यावर मध्यभाग खचू नये म्हणून दोन्ही बाजूंस तरुणास्थीच्या पट्ट्या बसविल्या जातात. याने रूप आणि श्वास दोन्ही राखले जातात.

चौथे तत्त्व आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे त्वचा व सांगाडा यांच्यामध्ये एक मऊ थर ठेवणे. कानाच्या वर, केसांच्या आत छोटा छेद घेऊन शंखप्रदेशातील स्नायूवरील पातळ पडदा काढतात आणि तो नाकाच्या कण्यावर वा शेंड्यावर पसरतात. व्रण केसांत झाकला जातो आणि रुग्णाचेच धातू असल्याने शरीर ते स्वीकारते. तरुणास्थीवरील आवरणाचा तुकडाही तसाच वापरता येतो. कुठे हलक्या हाताने चेचलेली तरुणास्थी ठेवतात. फार चेचली तर ती विरघळते, कमी चेचली तर कड दिसते, म्हणून यात हाताचे कौशल्य लागते. अगदी बारीक चिरलेली तरुणास्थी पडद्यात गुंडाळून कण्यावर बसविण्याची पद्धत २००० नंतरच्या दशकात रूढ झाली. रुग्णाच्या पोटावरून वा मांडीवरून घेतलेला सूक्ष्म मेद त्वचेखाली भरूनही काही जाडी मिळविता येते, तथापि त्यातील किती टिकेल हे आधी सांगता येत नाही. जो तुकडा बसवावयाचा त्याच्या कडा तिरप्या तासून निमुळत्या केलेल्या असाव्यात, हे मात्र सर्व प्रकारांत समान.

सिलिकॉनचे तयार साचे पातळ त्वचेखाली बसविण्यास आम्ही रुग्णाला अनुकूल मत देत नाही. त्वचा ताणली जाऊन लाल होते, साचा सरकतो आणि वर्षांनीदेखील त्वचा फोडून बाहेर येऊ शकतो.

पूर्वकर्म : वैद्य व औषधविक्रेता यांची जागा

येथून पुढील भाग प्रत्यक्ष आपल्या अखत्यारीतला आहे.

पातळ त्वचा जन्मतः असते तशी ती केलेलीही असते, हे प्रथम लक्षात घ्यावे. गोरेपणासाठी, वांगासाठी, मुरुमांसाठी चेहऱ्यावर महिनोन्महिने बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडयुक्त मलमे लावणाऱ्या रुग्णांची त्वचा झिजते, लाल होते, तिच्यात रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम व लव वाढते. त्यांतील काही मलमांत हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन हेही एकत्र असतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक मलमांचा समावेश अनुसूची 'एच'मध्ये केला आणि चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध झाला. तरी जुनी चिठ्ठी, शेजारणीने सांगितलेले नाव, किंवा 'तीच ती छोटी नळी द्या' या मागणीवर मलम दिले जाते, हे औषधविक्रेते बंधू नाकारणार नाहीत. असा रुग्ण नाकाच्या शस्त्रकर्मास जातो तेव्हा शस्त्रवैद्याला तो 'पातळ त्वचेचा' म्हणून दिसतो. कारण मात्र आपल्या दुकानाच्या फळीवर असते. शस्त्रकर्माचा विचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णाला चेहऱ्यावर काय लावता, हे नळी समक्ष आणवून विचारावे. 'आयुर्वेदिक' वा 'हर्बल' असे वेष्टन असलेल्या, परंतु घटक न छापलेल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमविषयी अधिकच सावध असावे, कारण अशा उत्पादनांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. मलम एकाएकी बंद केल्यास लाली व दाह उसळतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते उतरवावे आणि त्वचा स्थिर होईपर्यंत काही महिने शस्त्रकर्म पुढे ढकलण्यास सुचवावे. झीज काही अंशी भरून येते; उमटलेल्या रक्तवाहिन्या पुष्कळदा राहतात.

दुसरी गोष्ट तंबाखूची. निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उचललेल्या पातळ त्वचेचे पोषण धोक्यात येते. शस्त्रवैद्य 'धूम्रपान करता का' असे विचारतात आणि आपल्याकडील रुग्ण खरेपणाने 'नाही' म्हणतो. मिश्री लावणारी स्त्री, तंबाखू मळणारा वा गुटखा खाणारा पुरुष यांना त्या प्रश्नात आपला समावेश आहे असे वाटत नाही. हा प्रश्न मराठीत, नाव घेऊन, वैद्यानेच विचारावा. किमान चार आठवडे आधीपासून आणि तेवढेच नंतर सर्व प्रकारचा तंबाखू वर्ज्य असावा.

तिसरी गोष्ट औषधांची. पातळ त्वचेखाली साचलेले रक्त सर्वांना दिसते, आणि त्याचा व्रणवस्तू होऊन आकार बिघडतो. ॲस्पिरिन व वेदनाशामक गोळ्या यांविषयी शस्त्रवैद्य सांगतातच. आपण जी औषधे देतो त्यांविषयी तो अनभिज्ञ असतो आणि रुग्ण ती 'औषधे' म्हणून सांगतच नाही. लसणाच्या कॅप्सूल, हळदीचा संहत अर्क, आले-सुंठीचे अधिक मात्रेतील योग, गुग्गुळुकल्प, बाजारातील गिंको, जिनसेंग, माशाचे तेल, ई जीवनसत्त्व ही सर्व शस्त्रकर्मापूर्वी दोन आठवडे थांबवावीत. जेवणातील लसूण-हळदीचा येथे प्रश्न नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटते, तेही थांबवावे. अश्वगंधा घेणाऱ्याची नोंद भूलतज्ज्ञाकडे जावी, कारण निद्राजनक औषधांचा परिणाम वाढण्याचा संभव असतो. मात्र हृदयविकारासाठी वा अन्य गंभीर कारणास्तव दिलेले रक्त पातळ करणारे औषध वैद्याने किंवा विक्रेत्याने परस्पर बंद करू नये. तो निर्णय ते देणाऱ्या डॉक्टरांचा आहे. चालू असलेल्या सर्व कल्पांची यादी कागदावर लिहून, शिक्क्यासह, रुग्णाच्या हाती द्यावी. हे पाच मिनिटांचे काम आहे.

चौथी गोष्ट सत्त्वपरीक्षा. चरकोक्त दशविध परीक्षेतील हा घटक येथे निर्णायक ठरतो. नाकातील किरकोळ दोषाने दिवसाचे तासन्‌तास व्यापणारा, पुन्हा पुन्हा आरसा पाहणारा वा आरसा टाळणारा, कोणत्याही फलाने समाधान न पावणारा रुग्ण शस्त्रवैद्याकडे नव्हे तर प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावा. पातळ त्वचेत केसाएवढी विषमताही दिसते, आणि असा रुग्ण ती शोधतोच. कुटुंबाच्या वैद्याला त्याचा स्वभाव वर्षानुवर्षे माहीत असतो. शस्त्रवैद्याची भेट अर्ध्या तासाची असते.

विवाहाच्या तारखेचाही उल्लेख करावयास हवा. मुहूर्तापूर्वी महिना-दीड महिना आधी नाक करून घेण्याची इच्छा घेऊन येणाऱ्या मुली व त्यांचे पालक आपणा सर्वांस परिचित आहेत. त्यांना निदान सहा महिन्यांचे, शक्य तर वर्षाचे अंतर सांगावे. शिवाय नाक टोचून नथ किंवा चमकी घालावयाची असेल तर तेही शस्त्रवैद्याला आधी सांगावे, कारण नाकपुडीच्या कडेला आधार देणारी पट्टी बसविली असल्यास टोचण्याची जागा व काळ बदलतो.

पश्चात्कर्म

पहिला आठवडा पट्टी व साच्याचा. त्यात आपण काहीही लावू नये, सोडू नये. डोळ्यांखालील काळेनिळेपणा दहा ते चौदा दिवसांत बहुधा ओसरतो. उशाशी डोके उंच ठेवून झोपणे, दोन आठवडे नाक न शिंकरणे, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवणे, वजन न उचलणे एवढे पथ्य पुरेसे आहे. मलावष्टंभ मात्र होऊ देऊ नये. कुंथण्याने रक्तस्राव होतो. संहितेत संधानानंतर घृतपान व पुढे विरेचन सांगितले असले तरी आज येथे इसबगोल किंवा सौम्य मात्रेत त्रिफळा एवढ्यावर भागते, आणि तेही शस्त्रवैद्याच्या संमतीने.

नस्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. नाकाचा विकार म्हणजे नस्य, हे समीकरण येथे लावू नये. मर्श, प्रतिमर्श, अणुतैल, सर्व प्रकार किमान सहा आठवडे वर्ज्य, आणि नंतरही शस्त्रवैद्याने आतील श्लैष्मिक त्वचा भरल्याचे सांगितल्यावरच. प्रधमन तर मुळीच नको; त्याने येणाऱ्या शिंका ताज्या टाक्यांना बाधक ठरतात. शस्त्रवैद्य सांगतात तो मिठाच्या पाण्याचा फवारा आणि जलनेती एक नव्हेत. तसेच तोंडावर वाफ, स्वेदन, मुखाभ्यंग ही सर्व चार ते सहा आठवडे टाळावीत. अस्थी छेदलेली असल्यास मर्दनाने ती सरकते, आणि उष्णतेने सूज परतते. चष्मा या काळात नाकावर टेकू देऊ नये.

लेपाविषयी सुश्रुतांनी सूत्रस्थानात सांगितलेला दंडक येथे फार उपयुक्त आहे. पीडनाचा हेतू नसेल तर लेप सुकेपर्यंत ठेवू नये. मुलतानी माती, चंदन, मंजिष्ठा यांचे सुकून ताणणारे लेप पातळ, नुकत्याच उचललेल्या त्वचेवर लाली वाढवितात. लेप द्यावयाचाच असेल तर तीन महिन्यांनंतर, ओला असताना पुसून काढावा. ऊन हा मोठा शत्रू. टोपी, छत्री आणि सूर्यरोधक क्रीम वर्षभर चालू ठेवावे, विशेषतः डोळ्यांखाली डाग उरले असतील तर.

शेंड्यावर सूज रेंगाळल्यास ट्रायॲम्सिनोलोनचे इंजेक्शन देण्याची पद्धत जाड त्वचेत उपयोगी आहे. पातळ त्वचेत त्याने खळगा पडतो आणि रंग उडतो. 'सूज आहे, एक इंजेक्शन घ्या' असा सल्ला आपल्याकडून जाता कामा नये.

फिलर आणि दुसरे शस्त्रकर्म

उंचसखलपणा दिसू लागल्यावर रुग्णाला हायालुरोनिक आम्लाच्या फिलरचा मोह होतो. छोटा खळगा त्याने भरतो हे खरे. परंतु नाक हे फिलरसाठी सर्वाधिक जोखमीच्या जागांपैकी एक आहे. येथील धमन्या नेत्राच्या धमनीशी जोडलेल्या असल्याने द्रव्य रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते आणि दृष्टीही जाऊ शकते. शस्त्रकर्म झालेल्या नाकात रक्तवाहिन्यांची मांडणी बदललेली असते, म्हणून धोका आणखी वाढतो. सौंदर्यगृहात वा अप्रशिक्षित हाताने हे कधीही करू नये. इंजेक्शननंतर नाक पांढुरके वा जाळीदार निळसर झाले, तीव्र वेदना झाल्या, किंवा दृष्टी अंधुक झाली, तर ती तातडीची अवस्था होय. अशा वेळी गरम शेक वा लेप यांत तास न दवडता रुग्णाला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे वा मोठ्या रुग्णालयात त्वरित पाठवावे, कारण फिलर विरघळविणारे हायालुरोनिडेज वेळीच द्यावे लागते.

दुसऱ्या शस्त्रकर्मास पहिल्यानंतर निदान एक वर्ष जाऊ द्यावे. रुग्ण घाई करतो आणि शस्त्रवैद्य बदलतो. त्या वेळी त्याने पहिल्या शस्त्रकर्माची लेखी नोंद मागून घेतली आहे का, हे वैद्याने विचारावे. तरुणास्थी नाकाच्या पडद्यातून घेतली, कानातून की बरगडीतून, पडदा कोणत्या बाजूचा काढला, कुठे काय बसविले, हे त्या कागदावरच असते, आणि पातळ त्वचेखालच्या दुसऱ्या शस्त्रवैद्याला कोणती सामग्री उरली आहे हे त्यावरूनच कळते. सोबत शस्त्रकर्मापूर्वीची, तीन महिन्यांनंतरची व वर्षानंतरची, एकाच उजेडात समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे असावीत.